फेस ‘स्थिर’ असतो की ‘टिकतो’?

प्रश्न नागपुरातल्याच एका विद्यार्थिनीचा आहे. जुन्या तेलविहिरींतलं उरलंसुरलं तेल काढायला खडकात सर्फॅक्टंटचा (साबणासारख्या फेस आणणाऱ्या पदार्थाचा) फेस सोडतात, त्यावर ती मराठीत लिहिते आहे. ‘फोम स्टॅबिलिटी’ला ‘फेनस्थैर्य’ म्हणू का, असं विचारते.

‘फेन’ जुना शब्द. रिठ्याला संस्कृतात ‘फेनिल’ म्हणतात ते त्यावरूनच. पण ‘फेस’ घरात असताना तो कशाला? ‘फोम’ म्हटलं तर गादी आठवते. ‘फेसवॉश’मधल्या फेसशी घोटाळा होईल ही भीतीही नको. विभक्ती लागली की दोघे वेगळे होतात: साबणाचा तो ‘फेसाचा, फेसाला’, चेहऱ्याचा तो ‘फेसचा, फेसला’. पाहुणा शब्द अजून अंग चोरून बसलाय. (ग्लास कधीच घरचा झाला, म्हणून ‘ग्लासात’.)

खरी अडचण ‘स्थैर्या’ची. वाचणाऱ्याला वाटेल, फेस जागचा हलत नाही. काम तर नेमकं उलट! खडकात नुसता गॅस सोडला तर हलका म्हणून तो वर चढतो, जिथे वाट मोकळी त्या थरातून पसार होतो, आणि तेल मागेच राहतं. त्याचा फेस केला की चाल मंदावते, गॅस घट्ट थरांकडेही वळतो. म्हणजे फेसानं पुढे सरकायचं आणि मोडायचंही नाही; मोडलाच तर पुढच्या छिद्रात पुन्हा धरायचा. याला आपण ‘टिकणं’ म्हणतो. ‘फेसाचा टिकाऊपणा’ लिहा.

मोडण्याचे शब्दही तयारच आहेत. बुडबुड्यांमधल्या पातळ पडद्यातलं पाणी ‘निथळतं’, पडदा ‘विरतो’, फेस ‘बसतो’. प्रयोगशाळेत नळीतला फेस निम्म्यावर यायला किती वेळ लागतो ते मोजतात. त्याला ‘अर्धायुष्य’ चालेल.

गंमत म्हणजे फेसाचा वैरी तेलच. काल ग्लासात रिठ्याचं पाणी घुसळलं आणि वर जवसाच्या तेलाचे दोन थेंब सोडले. थेंबाभोवती खळगा पडला, तिथूनच फेस बसत गेला. खडकातही हीच पंचाईत, म्हणून तेलासमोर तग धरेल असा सर्फॅक्टंट निवडावा लागतो. त्याला ‘पृष्ठसक्रियक’ एकदाच म्हणा, पुढे सर्फॅक्टंटच राहू द्या.

आणि शीर्षकात ‘तोंडाला फेस’वर कोटी करू नका. मोह मलाही झाला होता.