जुनी प्रिंट आणि कापली जाणारी डोकी

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळाने १९४०च्या दशकातल्या बोलपटाची ३५ मिलिमीटरची प्रिंट थिएटरात लावली. पात्रांची डोकी कापली जात होती. ऑपरेटरने फ्रेमिंग (चित्र वर-खाली करायची सोय) सरकवलं, तर खालची सबटायटल्स गेली. दोष प्रिंटचा की मशीनचा? याच मशीनवर मूकपट चालेल का?

उत्तर : दोष गेटमधल्या, म्हणजे फिल्म प्रकाशासमोरून जाते त्या जागेतल्या, ॲपर्चर प्लेटचा आहे; पडद्यावर किती चित्र जाईल ते या पत्र्याची खिडकी ठरवते. नेहमीच्या १.८५च्या (रुंदी उंचीच्या १.८५ पट) प्लेटची खिडकी २०.९६ × ११.३३ मिलिमीटर असते. जुन्या बोलपटाची चौकट, जिला अकॅडमी म्हणतात, २०.९६ × १५.२४. रुंदी तीच, पण उंचीचा चौथा हिस्सा प्लेटमागे राहतो. फ्रेमिंगची मूठ फिरवून तो परत मिळत नाही, फक्त कापण्याची जागा बदलते.

प्लेटसोबत लेन्सही बदला, नाहीतर चित्र पडद्याच्या वर-खाली सांडेल. लेन्सच्या नाभीय अंतराचा हिशेब सोपा आहे : पडद्यापर्यंतचं अंतर गुणिले खिडकीची उंची, भागिले पडद्यावरची उंची. अंतर २५ मीटर आणि उंची ५ मीटर असेल, तर १.८५ला सुमारे ५७ आणि अकॅडमीला ७६ मिलिमीटरची लेन्स लागते. ७५ची मिळाली तर चित्र ८ सेंटिमीटरने उंच येईल. तेवढं पडद्याभोवतीच्या काळ्या कापडावर (मास्किंगवर) जाऊ द्या.

प्लेट मुद्दाम लहान खिडकीची घ्या आणि पडद्याकडे बघत बारीक कानशीने वाढवा. प्रोजेक्टरचा बूथ उंचावर असेल तर चित्र खाली रुंद होतं. गेटमध्ये चित्र उलटं असतं, म्हणून खिडकीच्या वरच्या टोकाला बाजूच्या कडा कमी घासा. घासल्यावर कडेवर बोट फिरवून बघा. उरलेली कूस पडद्यावर दाते होऊन दिसते.

मूकपटाची चौकट साउंडट्रॅकच्या जागेपर्यंत पसरलेली असते; खिडकी सुमारे २३ × १७ मिलिमीटर लागते. तिचा मध्य बोलपटाच्या मध्यापासून सव्वा मिलिमीटर बाजूला असतो. वर सांगितलेल्या ७६च्या लेन्सने हा फरक सुमारे पडद्यावर ४० सेंटिमीटर होतो, म्हणून लेन्स आडवी सरकवायची सोय हवी. वेगही कमी करता यायला हवा. सेकंदाला १८ फ्रेमवर दोन पात्यांचं शटर (फिरत प्रकाश अडवणारी चकती) ३६ वेळाच प्रकाश टाकतं आणि चित्र लुकलुकतं. तीन पात्यांचं ५४ वेळा टाकतं.

इतकी जुनी प्रिंट लावण्याआधी फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ छापलंय का, ते भिंगाने पाहा. नसेल तर ती नायट्रेट, म्हणजे सहज पेट घेणारी जुन्या प्रकारची फिल्म, असू शकते. नायट्रेट पेटली की पाण्याखालीही जळत राहते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी तपासून घेतल्याशिवाय ती मशीनवर चढवू नका.