जनसुनावणीवर बहिष्कार टाकावा का?

प्रश्न: गावाशेजारी खाण येतेय, पुढच्या महिन्यात जनसुनावणी. पोरं म्हणतात बहिष्कार टाकू. टाकावा का? – एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर: अजिबात नको हो! २००६ च्या ईआयए (म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) अधिसूचनेत सुनावणीला कोरमच, म्हणजे किमान हजेरीची अटच नाही, म्हणजे मंडपात रिकाम्या खुर्च्या असल्या तरी सुनावणी झाली असंच धरतात, आणि तुमचा राग कागदावर येतच नाही. त्यापेक्षा आत्ताच कलेक्टर ऑफिसला नाहीतर जिल्हा परिषदेत जाऊन खाणीचा ईआयए अहवाल बघा, मराठी सारांश असायलाच हवा, त्यात तुमचा ओढा, विहिरी दाखवल्यात का ते तपासा (बऱ्याचदा ओढाच गायब असतो!). लेखी हरकत द्या, पोच घ्या. आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात, तेव्हा जेवायला पळू नका, सुटलेला मुद्दा तिथंच लिहून घ्यायला लावा.