भरपगारी रजा मिळूनही मूल झाल्यावर बायकांची नोकरी मागे का पडते?

26 आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळत असताना बायका नोकरी का सोडतात, असे आपण विचारले आहे आणि आपली पत्नी लवकरच अशा रजेवर जाणार असल्याचेही लिहिले आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे नोकरी रजेत सुटत नाही. ती रजेनंतरच्या वर्ष-दोन वर्षांत सुटते.

मी पुण्यात एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात आहे. मी रजेवरून परतले तेव्हा पगार आणि हुद्दा तोच होता; मात्र महिनाअखेरचा हिशेब पूर्ण करण्याचे काम, ज्यासाठी रात्री नऊपर्यंत थांबावे लागते आणि ज्यावर बढती ठरते, ते ‘तुम्हाला जमणार नाही’ असे गृहीत धरून, मला न विचारताच दुसऱ्याकडे गेले होते. पाळणाघर साडेसहाला बंद होई. उशीर झाला की जादा पैसे पडत, पण त्याहून जड जाई ते चपला घालून दारात एकटीच उरलेली मुलगी पाहणे. तिला ताप आला की फोन मलाच येई, यादीत नवऱ्याचा नंबर पहिला असूनसुद्धा.

कायद्याचाही यात वाटा आहे. 2017 मध्ये रजा 12 आठवड्यांवरून 26 झाली, 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. परंतु कर्मचारी राज्य विमा योजनेत (ठरावीक मर्यादेपर्यंत पगार असलेल्यांचा सरकारी विमा, ज्यातून रजेचा पगार मिळतो) नसलेल्या बाईच्या रजेचा पगार पूर्णपणे मालकाच्याच खिशातून जातो. त्यामुळे मुलाखतीत ‘लग्न ठरलंय का?’ हा प्रश्न पुरुष उमेदवाराला कोणी विचारत नाही. वडिलांसाठी केंद्र सरकारी नोकरीत 15 दिवसांची रजा आहे, खासगी नोकरीत कायद्याने तेवढीही नाही.

केवळ पाळणाघरे वाढवून हे सुटेल असेही मला वाटत नाही. डेन्मार्कमध्ये त्यांची वानवा नाही, तरी तिथल्या एका गाजलेल्या अभ्यासात पहिल्या मुलानंतर बायकांची कमाई पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळ सुमारे 20 टक्क्यांनी मागे राहिलेली आढळली. बापांच्या कमाईवर मात्र जवळपास काहीच परिणाम दिसला नाही.

म्हणून पत्नी कामावर परतण्याआधी, आठवड्यातले कोणते दिवस आपण साडेपाचला कचेरीतून निघणार, हे आपल्या साहेबांशी बोलून ठरवून घ्या. तिनेही आपले नेमके काम कोणते राहील, हे रजेवर जाण्यापूर्वीच ईमेलवर लिहून घ्यावे. मी ते घेतले नव्हते.