लोखंडी पेटी हलकी का वाटली?

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला ९१ टक्के होते. विज्ञान प्रदर्शनात तिने व्हीआर हेडसेट लावून आभासी लोखंडी पेटी उचलली. तेव्हापासून 'ती पेटी खोटी का वाटली' याच्या नोंदी वहीत लिहीत बसते. चाचणीत मार्क घसरले, म्हणून मी वही रद्दीत घातली. या खेळाच्या नादातून तिला बाहेर कसं काढू? की सरळ ग्राफिक्सचा तीन लाखांचा कोर्स लावून देऊ? – एक वडील, सांगली

उत्तर : मार्कांचं नंतर बघू. आधी रद्दीवाला येऊन गेला नसेल, तर ती वही काढा आणि स्वतः वाचा. तुम्ही ज्याला नाद म्हणता, ते सोळा वर्षांच्या मुलीने आपणहून धरलेलं निरीक्षण आहे. क्लासच्या टेस्ट सिरीजमध्ये ही सवय लागत नाही. वही फेकून तुम्ही तिला एवढंच सांगितलंत की घरात प्रश्न विचारायचे नसतात. मला काळजी याची वाटते.

तीन लाख मात्र वाचवा. चित्र जितकं हुबेहूब तितकी वस्तू खरी, हा गैरसमज आहे. हात वस्तूकडून काय अपेक्षा करतो आणि डोळ्यांना काय दिसतं, यांचा मेळ बसावा लागतो. हात दहा सेंटिमीटर वर गेला आणि आभासी पेटी आठच सेंटिमीटर उचललेली दाखवली, तर हातात काहीही नसताना ती जड वाटू लागते. उलट पेटीवरचा गंज कितीही बारकाईने रंगवा, ती हाताबरोबर पिसासारखी वर आली की सगळं फसतं. प्रत्यक्ष स्पर्शाचा भास देणाऱ्या यंत्रांना तर बळाचा हिशेब सेकंदाला साधारण हजार वेळा करावा लागतो. यात यंत्रशास्त्र आहे, प्रोग्रॅमिंग आहे, मानसशास्त्रही आहे.

वाटा नेहमीच्याच : जेईई किंवा सीईटीतून इंजिनिअरिंग, आयआयटी मुंबई घेते ती यूसीड ही डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा, नाहीतर मानसशास्त्राची पदवी. ते बारावीत ठरवा. तोवर फिजिक्स पक्कं होऊ द्या. तिच्या प्रश्नालाही तेच लागणार आहे.

या रविवारी एक करा. एक छोटा आणि एक मोठा डबा घ्या, तांदूळ घालून दोन्हींचं वजन काट्यावर अगदी सारखं करा. मग तिच्यासमोर आळीपाळीने उचला. काटा बघूनसुद्धा छोटा डबा जड लागेल. शार्पांतिए या फ्रेंच डॉक्टरने हे १८९१ मध्ये नोंदवून ठेवलं आहे. असं का होतं, ते तिलाच विचारा. आणि नवी वही तुम्हीच आणून द्या.