केवढ्याला पडली?

लग्नसराई तोंडावर आली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुतेक वेळा पंचवीस-तिशीतला मुलगा असतो. आधी दहा मिनिटं तो दुसरंच काहीतरी बोलतो आणि मग हळूच म्हणतो, "मॅडम, साखरपुड्याच्या अंगठीवर किती खर्च केला म्हणजे बरं दिसेल?" मुलींचा प्रश्न याच्याच दुसऱ्या टोकाचा. "त्याने साधीशी अंगठी आणली तर त्याला माझी किंमत नाही असं समजायचं का?"

मी विचारते, कुणाला बरं दिसेल? तिथे गाडी अडते.

ही गोष्ट केतकी आणि निनादची. नावं बदलली आहेत, तपशीलही थोडे इकडेतिकडे केले आहेत. लिहायला दोघांनी हो म्हटलंय.

पहिल्या वेळी केतकी एकटीच आली. वय सत्तावीस, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, लग्न अडीच महिन्यांवर. खुर्चीत बसता बसता तिने बोटातली अंगठी काढली आणि टेबलावर ठेवली. काढायला जोरही लागला नाही, इतकी ती सैल होती.

"ही खोटी आहे," ती म्हणाली.

खोटी नव्हती. अठरा कॅरट सोनं, त्यावर ७५० चा हॉलमार्क, मधोमध दीड कॅरटचा एकच हिरा. माझ्या खोलीतल्या ट्यूबलाइटखालीसुद्धा तो असा काही चमकत होता की बोलताना माझंच लक्ष दोनदा तिकडे गेलं. पण हिरा खाणीतला नव्हता, लॅबमध्ये तयार केलेला होता. तिच्या घरी कुणालाच हे माहीत नव्हतं.

तिला ते कसं कळलं, हा भाग मी तिच्याकडून दोनदा ऐकला. अंगठी सैल होते म्हणून माप कमी करायला ती लक्ष्मी रोडवरच्या एका सराफाकडे गेली. दुकानातल्या कारागिराने अंगठी हातात घेतली, डोळ्याला भिंग लावलं, हिऱ्याची कड उजेडाकडे फिरवली आणि सहज म्हणाला, "लॅबग्रोन आहे ना मॅडम? चालेल, परवा मिळेल." प्रमाणपत्र असलेल्या अशा हिऱ्यांच्या कडेवर बहुतेकदा लेझरने तसं कोरलेलं असतं. केसाएवढी अक्षरं, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, हो हो, माहितीये." ती थोडी थांबली. "आणि अंगठी परत घेऊन बाहेर पडले. माप करायला टाकलीच नाही."

हे 'हो हो, माहितीये' मी माझ्या वहीत लिहून ठेवलं. त्या दिवशी त्यावर काही बोलले नाही.

माणूस हिऱ्यावरून इतका का दुखावतो, असं कुणाला वाटेल. मलाही आधी वाटलं होतं. लॅबमधला हिरा म्हणजे काच किंवा अमेरिकन डायमंड नव्हे. तोही कार्बनच, कडकपणा तोच, चमक तीच. फरक इतकाच की तो पृथ्वीच्या पोटात कोट्यवधी वर्षांत न होता यंत्रात काही आठवड्यांत होतो. सुरतेत आता त्याचा मोठा धंदा आहे. २०२३ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला, तोही लॅबमधलाच होता. किंमत मात्र फार कमी. निनादने अंगठीचे सोन्यासकट अठ्ठ्याऐंशी हजार दिले होते. तेवढ्याच आकाराचा चांगला हिरा खाणीतला असता तर आकडा पाच लाखांच्या पुढे गेला असता.

केतकीचं दुखणं हिऱ्याचं नव्हतंच. ते होतं साखळीचं.

साखरपुड्याच्या दिवशी जेवणं चालली होती तेव्हा तिच्या मामांनी तिचा हात धरून अंगठी निरखली आणि चारचौघांत विचारलं, "केवढ्याला पडली हो?" निनाद तोंड उघडायच्या आत त्याची आई म्हणाली, "साडेपाच." लाख हा शब्द उच्चारायचीही गरज पडली नाही. निनाद ताटात बघत राहिला.

केतकीचे वडील निवृत्त शिक्षक. त्या रात्री घरी त्यांनी बायकोला सांगितलं, "त्यांनी साडेपाच केले, आपण जावयाला अंगठीवर बोळवायचं बरं दिसत नाही." पुढच्याच आठवड्यात त्यांनी मुदतठेव मोडून पाच तोळ्यांची साखळी सांगितली. सोनं तेव्हा तोळ्याला लाखाच्या घरात होतं, घडणावळ आणि जीएसटी वेगळा. कुणी काही मागितलं नव्हतं बरं का. १९६१ पासून हुंडाबंदी कायदा आहे, दोन्ही घरं शिकलेली, त्यामुळे 'मागणी' हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. त्याऐवजी 'हौस' येतो.

आपल्याकडे सोयरीक तोलामोलाची हवी असं म्हणतात. तोल आणि मोल, दोन्ही तराजूतले शब्द. एका पारड्यात कुणी आकडा टाकला की दुसरं पारडं आपोआप वर जातं आणि मग ते खाली आणायला कुणाची तरी मुदतठेव मोडते. इथे तर पहिल्या पारड्यात नुसता शब्दच टाकलेला होता.

"माझ्या बाबांनी खोट्या आकड्यावर खरं सोनं घेतलं," केतकी म्हणाली. मग रडली. मग विचारलं, "जो अंगठीबद्दल गप्प बसतो, तो पुढे कशाकशाबद्दल गप्प बसेल?"

प्रश्न रास्त होता. मी तिला म्हटलं, त्याला घेऊन ये.

निनाद आला तो सरळ अपराध्यासारखाच बसला. सुरुवातीची वीस मिनिटं त्याने फक्त हिशेब सांगितला. त्याच्या हातात महिना ब्याण्णव हजार येतात. त्यातले एक्केचाळीस हजार बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटच्या हप्त्यात जातात. वडिलांची बायपास गेल्या वर्षी झाली, विमा पुरला नाही, वरचे अडीच लाख मित्राकडून घेतले, ते अजून फिटायचे आहेत. केतकीला फ्लॅट माहीत होता, हप्ता माहीत नव्हता. मित्राचं तर काहीच माहीत नव्हतं.

"आणि तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे," तो म्हणाला. एवढं बोलताना त्याने पहिल्यांदा तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

त्याने कुठल्यातरी रीलमध्ये ऐकलं होतं की अंगठीवर दोन-तीन महिन्यांचा पगार घालायचा असा 'नियम' आहे. मला यावर नेहमी हसू येतं आणि थोडा रागही. हा नियम शास्त्राचा नाही, रूढीचाही नाही, तो जाहिरातीतला आहे. १९३८ मध्ये, अमेरिकेत मंदीने हिऱ्यांची विक्री बसलेली असताना, डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीने एन. डब्ल्यू. आयर ही जाहिरात कंपनी नेमली. १९४७ मध्ये तिथल्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी हिरा कायमचा असतो अशा अर्थाची ती प्रसिद्ध ओळ लिहिली. (त्यांनी स्वतः कधी लग्न केलं नाही.) पुढे १९८० च्या दशकात जाहिराती दोन महिन्यांचा पगार सुचवू लागल्या आणि जपानमध्ये तर तीन महिन्यांचा. जपानात अंगठीची प्रथा आपल्याइतकीच परकी, तरी चालली. आपल्याकडे आजीच्या पिढीत मुलीला कुंकू लावलं, साडी-नारळाने ओटी भरली, हातात साखरेचा पुडा दिला की लग्न ठरलं. नावच त्या कागदाच्या पुड्यावरून पडलंय. माझ्या साखरपुड्याला, १९९१ साली साताऱ्यात, अडीच ग्रॅमची अंगठी होती. अंदाजाने केलेली, त्यामुळे सैल. आतून दोरा गुंडाळून मी ती घातली.

निनादने मान डोलावली आणि म्हणाला, "हे सगळं मला पटतं मॅडम. म्हणूनच तर लॅबची घेतली."

खरंच होतं ते. अंगठी घेताना हा मुलगा शहाण्यासारखा वागला होता. अंथरूण पाहून पाय पसरले होते आणि वर ते अंथरूण मोठं असल्याचं आईने सांगितलं तेव्हा गप्प राहिला होता. आईला खरी किंमत माहीत होती. थोरल्या सुनेला तिच्या माहेरून आणि सासरहून काय काय आलं, याची उजळणी त्या घरात अजून चालते. आईला धाकट्याची बाजू पडलेली दिसायला नको होती.

केतकी म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंस तर मी अठ्ठ्याऐंशीची पण घेऊ दिली नसती."

"सांगणारच होतो."

"कधी?"

त्यावर तो गप्प. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये पडू नये. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येईपर्यंत मी बसून राहिले. मग वही उघडली.

"केतकी, त्या कारागिरासमोर तू 'हो, माहितीये' का म्हणालीस?"

तिला प्रश्न आवडला नाही. "म्हणजे काय? त्याच्यासमोर काय सांगणार? मला माहीतच नाही म्हणून?"

"तो तुझा कोण?"

"कुणीच नाही."

"मग?"

खूप वेळाने ती म्हणाली, "आपला नवरा आपल्याला फसवतो असं त्याला वाटायला नको होतं." आणि मग निनादकडे वळून, काहीशा वैतागाने, "एका सेकंदात तोंडातून गेलं रे."

त्यालाही त्या दिवशी एक सेकंदच मिळाला होता. हे मी बोलले नाही, दोघांनाही ते कळलेलं दिसत होतं. अर्थात त्या एका सेकंदानंतर त्याच्याकडे दीड महिना होता. तेवढ्यात एक फोन झाला असता, हे मात्र मी त्याला स्पष्ट सांगितलं. चारचौघांत गांगरणं वेगळं आणि मग सासऱ्याची मुदतठेव मोडताना बघत बसणं वेगळं. त्याला साखळीची ऑर्डर माहीत होती. मापासाठी त्यालाच बोलावलं होतं.

त्या भेटीत मी दोघांना कोरे कागद दिले. हातात येणारा पगार, हप्ते, उधारी, शिल्लक, आणि घरी दरमहा किती द्यावे लागतात किंवा लागतील, एवढं लिहायला सांगितलं. कागद एकमेकांना द्यायचे, मला नाही. लग्नाआधी आलेल्या प्रत्येक जोडप्याकडून मी हे करून घेते. लोक पत्रिका दाखवून आलेले असतात, मेन्यूवर तीन बैठका झालेल्या असतात आणि एकमेकांच्या कर्जाचा आकडा कुणालाच माहीत नसतो. निनादचं पेन 'मित्र' या शब्दापाशी बराच वेळ थांबलं होतं.

केतकीच्या बाबांशी निनाद स्वतः बोलला. मी बरोबर येऊ का विचारलं होतं, त्याने नको म्हटलं, ते बरंच झालं. बाबा रागावले नाहीत म्हणे. त्यांनी एवढंच विचारलं, "सोनं तरी हॉलमार्कचं आहे ना?" आणि मग बराच वेळ चहा ढवळत बसले. साखळी अजून घडायची होती. सराफाने ऑर्डर बदलून दिली आणि पाच तोळ्यांची दोन तोळ्यांची झाली. मोडलेल्या मुदतठेवीचं बुडालेलं व्याज परत आलं नाही.

सासूबाईंचा प्रश्न सुटलेला नाही. त्या अजूनही साडेपाचच सांगतात. केतकीने त्यांना खोडून काढायचं नाही आणि त्यांच्यासाठी स्वतः खोटंही बोलायचं नाही, एवढं ठरलंय. कुणी तिलाच विचारलं तर ती म्हणते, "ते निनादला विचारा." निनाद खरा आकडा सांगतो, पहिल्यांदा सांगताना त्याचे कान लाल झाले होते म्हणे.

तिसऱ्या भेटीत निनादने मला विचारलं होतं की महागड्या अंगठ्यांची लग्नं टिकत नाहीत हे खरं का. अमेरिकेत एमरी विद्यापीठातल्या दोन अर्थतज्ज्ञांनी तीन हजारांवर लोकांची पाहणी केली होती. त्यात अंगठीवर दोन ते चार हजार डॉलर घालणाऱ्या पुरुषांमध्ये घटस्फोटाचं प्रमाण पाचशे ते दोन हजार घालणाऱ्यांपेक्षा सुमारे १.३ पट दिसलं. पण अंगठीमुळे घटस्फोट झाले असं त्यातून निघत नाही. कर्ज, घाई, दिखाव्याची ओढ, यातलं काय कुठे काम करत असेल कोण जाणे, आणि ती माणसं अमेरिकेतली. असले आकडे मी कुणाला भीती घालायला वापरत नाही. स्वस्तातल्या अंगठ्या घालून माझ्याकडे भांडायला आलेली जोडपीही कमी नाहीत.

लग्नानंतर महिन्याभराने केतकी एका मैत्रिणीला घेऊन आली. काम मैत्रिणीचं होतं. जाताना मी तिच्या हाताकडे बघितलं. अंगठी बोटात होती, घट्ट बसलेली.

"माप करून घेतलंस?"

"नाही हो, पुन्हा त्या दुकानात जायला लाज वाटते." तिने अंगठी थोडी फिरवून खालची बाजू दाखवली. लाल दोरा होता, नीट शेजारी-शेजारी गुंडाळलेला. "आईने करून दिलं."

"ओला झाला की बदलत जा," मी म्हटलं. "नाहीतर पावसाळ्यात बोटाला खाज सुटते."