नथीच्या आधी कडी

दागिने घडवायला शिकतेयस, तर थेट नथ घडवायला घेऊ नकोस गं. आधी तांब्याच्या तारेच्या पन्नास कड्या वळ, चांदी नंतर. तार कडक लागली की ओढाताण नको, तुटते. अंधाऱ्या कोपऱ्यात तापव, मंद लालसर दिसली की ज्योत काढ आणि पाण्यात बुडव. पुन्हा मऊ वळेल. उजेडात तो रंग कळत नाही, माझी सुरुवातीची बरीच तार तशीच वितळली. शुद्ध चांदी 961 अंश सेल्सियसला वितळते, 925 म्हणजे साडेब्याण्णव टक्क्यांची मिश्र चांदी त्याआधीच!

जोड देताना टाकणखार (बोरॅक्स) लाव, पण ज्योत जोडावरच रोखू नकोस. आख्खी कडी सारखी तापव, सोल्डर, म्हणजे जोडासाठी वितळवायचा धातू, उष्णतेकडे धावतं. फट मात्र ते भरत नाही, म्हणून टोकं आधी कानशीने जुळव. जमलं तर कोल्हापूरजवळच्या हुपरीला जा, पैंजण घडवणाऱ्यांचे हात नुसते बघत बस.