बाळंतिणीचं डोकं दुखतंय? आधी बीपी मोजा

‘ताई, बहिणीला नवव्या महिन्यात बीपी होतं, पाय सुजले होते. बाळंतपणानंतर सहाव्या दिवशी तिला ब्रेन हॅमरेज झालं. वाचली, पण उजवा हात अजून चालत नाही. आदल्या रात्री डोकं ठणकत होतं, तेव्हा वारं लागलं म्हणून आईने बाम चोळून कानाला रुमाल बांधला. तिच्या सासरचे आईलाच बोल लावतात. मला आता सहावा महिना आहे आणि आई म्हणते, तुझं बाळंतपण मी करणार नाही.’ – एक वाचक, सातारा

अगं, रुमालाने हॅमरेज होत नाही, हे आईला आधी सांग. ती रात्र वाया गेली हे खरं, पण तिला ओळखायला शिकवलं होतं कोणी? मूल झालं की बीपी उतरलं, असं घरोघरी धरून चालतात. प्रत्यक्षात ते तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत बऱ्याचदा आणखी चढतं, म्हणजे नेमकं बाळंतीण घरी आल्यावर. धोका पुढे सहा आठवडे राहतो.

बहिणीची डिस्चार्जची फाइल तुझ्या डॉक्टरांना दाखव. रक्तस्राव बीपीमुळे झाला, रक्तवाहिनीत मुळातच दोष होता की मेंदूच्या शिरेत गुठळी झाली होती, त्यावर तुझी काळजी कशी घ्यायची ते ठरेल. सख्ख्या बहिणीला गरोदरपणातलं बीपी होतं, एवढ्यानेही तुझी शक्यता थोडी वाढते. (बाळंतिणीला पाणी तोडायची रीत मात्र बंद करा. अंगातलं पाणी कमी झालं की गुठळीला वाव मिळतो.)

घरात दंडाला बांधायचं बीपीचं मशीन आणा. १४०/९० किंवा वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १६०/११० दिसलं तर बरं वाटत असलं तरी थेट दवाखाना. एकाएकी भयंकर डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली कळ, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं, झटके, यातलं काहीही झालं तर आकडा न बघता १०८.

पुढच्या तपासणीला आईला सोबत ने. हे सगळं डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे, मशीन तिथेच तिच्या हातात दे आणि तुझं बीपी तिलाच मोजू दे. बाळंतपणाला ‘नाही’ म्हणणारी आई रोज सकाळी पट्टा बांधायला नाही म्हणणार नाही, असं मला वाटतं. बहिणीच्या सासरच्यांना एकच विचार: घरी सोडताना बीपी पुन्हा कधी दाखवायचं, हे तुमच्यापैकी कोणी विचारलं होतं?